दुसरा जोड

मे महिन्यात भर दुपारी नागपुरातल्या सदर भागात रेसिडेन्सी रोडवरून चालणाऱ्याला पादत्राणाची गरज कुणी समजावून सांगावी लागत नाही. इथला पारा 45 अंशांच्या वर जातो, एखाद्या वर्षी 47 सुद्धा ओलांडतो, आणि डांबर तर हवेहून कितीतरी अधिक तापते. त्या डांबरावर अनवाणी मूल दिसले की जीव कळवळतो. म्हणूनच भाचीने मोबाईलवरचे चित्र दाखवून विचारले, "मामा, हे जोडे घेऊ का? महाग आहेत, पण एक घेतला की दुसरा जोड गरीब मुलाला देतात," तेव्हा तिच्या प्रश्नातली कळकळ मला आधी दिसली, किंमत मागाहून.

हा प्रश्न फार जुना आहे. महाभारताच्या अनुशासनपर्वात युधिष्ठिर भीष्मांना विचारतो, छत्री आणि पादत्राणे दान देण्याची चाल कुणी पाडली? उत्तरादाखल भीष्म जमदग्नी आणि रेणुकेची कथा सांगतात. जमदग्नी बाण सोडत होते आणि रेणुका ते वेचून आणत होती. ज्येष्ठातली दुपार. डोके आणि तळवे पोळले म्हणून ती घटकाभर झाडाखाली थांबली; परतायला उशीर झाला. कारण कळताच ऋषींनी सूर्यावरच बाण रोखला. सूर्य ब्राह्मणाच्या रूपात आला, शरण गेला, आणि त्याने डोक्यासाठी छत्र व पायांसाठी चामड्याची पादत्राणे दिली. ही रेणुका म्हणजे आपली माहूरची. या कथेत देणाऱ्याला नेमके ठाऊक आहे की कुणाचे काय पोळले, आणि ते आपल्यामुळेच पोळले. तेराव्याच्या दानात छत्री-जोडे द्यायची रीत अजून आहे. पण त्यासाठी बाजारातला सर्वांत स्वस्त जोड शोधणारी घरे मी पाहिली आहेत. घेणाऱ्याच्या पायाचे माप तिथे कुणी विचारत नाही.

जोडास जोड देण्याच्या आजच्या पद्धतीतले सर्वांत गाजलेले नाव टॉम्स. ब्लेक मायकोस्की या अमेरिकी तरुणाने अर्जेंटिनात अनवाणी मुले पाहिली आणि 2006 मध्ये तिथल्याच 'अल्पार्गाता' या साध्या कापडी जोड्याच्या घडणीवर कंपनी काढली. पुढे कोट्यवधी जोड वाटले गेले. त्यातून काय साधले हे तपासायला कंपनीने अर्थशास्त्रज्ञांना मोकळीक दिली, हे तिचे मोठेपण. ब्रूस वायडिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एल साल्व्हादोरच्या खेड्यांत दीड हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास केला. मुलांना जोडे आवडले, त्यांनी ते घातलेही. पण बहुतेकांकडे कुठले ना कुठले पादत्राण आधीच होते, आणि आरोग्यात ठळक फरक दिसला नाही. आपल्या घरच्या गरजा इतरांनी भागवाव्यात असे म्हणणारी मुले मात्र जोडे मिळालेल्यांत जास्त निघाली. पुढे 2021 पर्यंत कंपनीने जोडास जोड हा नियम सोडला आणि नफ्याचा तिसरा हिस्सा स्थानिक कामांना देण्याचे ठरवले.

गरजा इतरांनी भागवाव्यात या मुलांच्या उत्तराने मी अस्वस्थ होतो. जोडास जोड म्हटले की गरीब मुलाच्या पायात जोडा केव्हा येणार, हे माझ्या हौसेवर ठरते. मला नवे जोडे हवेसे वाटले तर त्याला मिळणार. फॅशन पालटली तर त्याचे पाय उघडे. त्याची गरज या व्यवहारात कुठेच मोजली जात नाही. जोड्यांनी जंत टळतात या म्हणण्याचेही तसेच. अंकुशकृमी अनवाणी तळव्यातून शरीरात शिरतो हे खरे, पण तो मातीत येतो उघड्यावरच्या शौचामुळे. तिथे जोड्याबरोबर संडास हवा आणि शाळेत मिळणारी जंतनाशक गोळीही.

दीक्षाभूमीच्या या शहरात विनयपिटकातला सोण कोळिविस आठवावा. अतिशय सुखात वाढलेला हा तरुण भिक्षू चंक्रमण, म्हणजे येरझारा घालत ध्यान, करताकरता पाय फुटेपर्यंत चालला. वाट रक्ताने माखली. बुद्धांनी त्याला एकेरी तळव्याच्या चपला वापरायची मुभा दिली. सोणाने ती एकट्यासाठी घेतली नाही. एवढे वैभव सोडून आलेला मी आता चपलांत अडकलो असे लोक म्हणतील. संघातल्या सर्वांना मुभा असेल तरच मी घालीन, असे तो म्हणाला. बुद्धांनी ती मुभा सर्व भिक्षूंना दिली. निवडलेल्या एकाला मिळालेली वस्तू आणि सर्वांना मिळालेला हक्क यांतला फरक ज्याचे पाय फुटले होते त्यानेच ओळखला, याचे मला फार अप्रूप वाटते.

चांगली उदाहरणे आपल्याकडे नाहीत असे नाही. मुंबईत श्रियांस भंडारी आणि रमेश धामी या दोन धावपटूंनी ग्रीनसोल सुरू केले. धावणाऱ्याच्या बुटाचा वरचा भाग फाटतो, तळवा शाबूत राहतो. त्या तळव्यांच्या चपला करून त्या मुलांना देणे हे त्यांचे काम. कचरा कमी होतो आणि कारागिरांना काम मिळते. सदरहून दोन तासांच्या आत पोचता येईल अशा वर्ध्याजवळच्या नालवाडीत, गांधींच्या प्रेरणेने, गोपाळराव वालुंजकरांनी 1935 मध्ये चर्मालय चालू केले होते. कत्तल न करता, मेलेल्या जनावराचे कातडे तिथे कमावत. ज्या कामामुळे माणसाला अस्पृश्य ठरवले गेले, तेच काम तिथे शास्त्रशुद्ध शिकवले जाई. दक्षिण आफ्रिकेत गांधी स्वतः चपला शिवायला शिकले होते. तिथून निघताना, 1914 मध्ये, त्यांनी तिथले आपले प्रतिपक्षी जनरल स्मट्स यांना आपल्या हातची चप्पल भेट दिली. जास्तीचा पैसा जोडा घडवणाऱ्याच्या हातात जात असेल, तर महाग जोडा घ्यायला माझी हरकत नाही.

भाचीला मी एवढेच सांगितले, की जोडा जोडा म्हणून पारख. तळवा शिवलेला आहे की नुसता चिकटवलेला? उसवला तर कोपऱ्यावरचा मोची टाके घालू शकेल का? दुसऱ्या जोडाच्या वचनासाठी वेगळे पैसे मोजू नकोस. द्यायचेच असेल तर एखाद्या मुलाला सदरच्या 'मंगळवारी बाजारा'त ने, जोडा घालून चालून पाहू दे, अंगठ्यापुढे थोडी जागा ठेवून माप घे.

आणि एवढ्यावर थांबू नकोस. 2023-24 पासून महाराष्ट्र शासनाने सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना गणवेशाबरोबर एक जोड बूट आणि दोन जोड पायमोजे द्यायचे ठरवले. त्यासाठी मुलामागे 170 रुपये मंजूर केले. सोणाने मागितले ते याच जातीचे: सर्वांना. पण 170 रुपयांत कसला बूट येतो, तो नागपूरच्या उन्हात किती महिने टिकतो, वाढत्या पायाला पुढच्या वर्षी पुरतो का, हे कुणीतरी विचारायला हवे. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात. त्यांच्या सोबत बसून हे विचारता येते, आणि भाचीसारख्या मुलींनी ते विचारावे असे मला मनापासून वाटते.