गोळीमागचा नंबर आणि चिकित्सेचा चौथा पाय

क्षयाची गोळी पाकिटातून बाहेर काढली की तिच्यामागे दडलेला एक फोन नंबर दिसतो. तो फुकट फिरवायचा; फोन लागला की त्या दिवसाचा डोस घेतल्याची नोंद होते. ‘९९डॉट्स’ नावाची ही पद्धत भारतात वापरात आली, तेव्हा संशोधकांनी मुंबई, चेन्नई आणि वेल्लोरमध्ये न कळवता रुग्णांच्या घरी जाऊन लघवी तपासली, तिच्यात आयसोनियाझिडचा अंश आहे का ते पाहिले आणि फोनच्या नोंदींशी ताडले. दोन्हींत बरीच तफावत निघाली. फोन न करणाऱ्या कित्येकांच्या पोटात औषध होते, आणि फोन करणाऱ्या काहींच्या लघवीत त्याचा मागमूस नव्हता. तंत्रातली उणीव म्हणून हे बाजूला सारता येईल. पण त्याखाली एक जुना नैतिक प्रश्न आहे: रुग्ण उपचारात सहभागी आहे, असे केव्हा म्हणायचे?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. म्हणजे ज्याच्यावर उपचार करायचे, तोच उपचाराचा एक आधार. त्याच्या अंगीही चार गुण हवेत: स्मरण, सांगितल्याप्रमाणे वागणे, न भिणे आणि आपले दुखणे नीट सांगता येणे. फोनची नोंद फार तर दुसऱ्या गुणाचा अंदाज देते; चौथ्याचा तिला पत्ताच नसतो. गोळी घेतली की उलटी होते, डोळे पिवळे दिसू लागलेत, घरातला एकुलता मोबाइल नवऱ्याबरोबर कामावर गेलाय, सासरी आजार कळू द्यायचा नाही, हे सगळे नोंदीच्या पडद्यावर, फोन न आलेल्या दिवसाच्या एकाच रिकाम्या चौकोनात जमा होते. सांगायला ऐकणारा लागतो. तेव्हा सहभाग हा दोघांमधला व्यवहार आहे, आणि त्यातली एकच बाजू मोजून रुग्णाला बेफिकीर ठरवणे अन्यायाचे आहे.

यावर कोणी म्हणेल, आधीची पद्धत तरी कुठे माणुसकीची होती? केंद्रावर जाऊन कर्मचाऱ्यासमोर गोळी गिळायची, त्यापायी रोज बुडवायचा, ओळखीच्यांच्या नजरा चुकवायच्या. हे अगदी खरे, म्हणूनच फोन मोडीत काढा असे मी म्हणणार नाही. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: माणूस समोरासमोरही खोटे बोलतोच की. बोलतो. पण समोर बसलेल्याचा उतरलेला चेहरा दिसतो, त्याचे अडखळणे ऐकू येते, आणखी एक प्रश्न विचारता येतो. नुसता फोन लावून सांगितलेल्या खोट्याला पुढचा प्रश्नच नसतो. सहा महिन्यांच्या उपचारात पहिल्या काही आठवड्यांतच खोकला-ताप ओसरतो आणि गोळी नकोशी होते. रिकामे चौकोन वाढू लागले तर आशाताईने घरी जावे ते अशा वेळी, आणि हजेरी न घेता आधी तब्येतीची चौकशी करावी. या भेटींसाठी वेळ आणि मोबदला ठेवलेला नसेल, तर फोनमुळे वाचलेला पैसा कुठे गेला, हे आरोग्य खात्याला विचारायला हवे.