दया नक्की कोणाची?



आजचं वाचन गीतेच्या पहिल्या अध्यायातलं, श्लोक 28 ते 30. रणांगणावर अर्जुनाला समोर आपलीच माणसं दिसतात आणि त्याला दया येते. हे श्लोक मी इंजिनिअरिंगला असल्यापासून वाचतोय. पण ते माझ्याबद्दल आहेत, हे मला गेल्या महिन्यात कळलं. रात्री दोन वाजता, सोलापूरच्या उकाड्यात.

आमची मुलगी आता साडेतीन महिन्यांची आहे. पोटात ती शेवटपर्यंत डोकं वर करून बसली होती, म्हणजे आपल्या भाषेत पायाळू. पायाळू माणसाचा पाय लागला की कंबरेतली उसण जाते म्हणतात. त्यामुळे घरातल्या दोन काकांनी आधीच नंबर लावून ठेवले होते. हसणं-खिदळणं चालू होतं. मग ती दीड महिन्याची झाल्यावर डॉक्टरांनी तिचे पाय दुमडून हळूच बाहेर वळवून बघितले, सोनोग्राफी करायला लावली आणि सांगितलं, की डाव्या खुब्याची वाटी उथळ आहे. मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात नीट बसत नाही. पायाळू बाळांमध्ये आणि मुलींमध्ये हे जास्त दिसतं. आत्ता दुखत नाही, बाहेरून काही कळत नाही. पण तसंच सोडलं तर मूल लंगडत चालतं, आणि पुढे ऐन तारुण्यात सांधा झिजू शकतो.

उपाय म्हणजे पाव्लिक हार्नेस. अर्नोल्ड पाव्लिक नावाच्या चेक डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या मध्यात तो शोधला. खांद्यावरून येणारे मऊ पट्टे, पायात अडकवलेले पट्टे, गुडघे वर आणि मांड्या बाहेर, बेडकासारख्या. आम्हाला सांगितलं होतं, सुरुवातीचे आठवडे चोवीस तास काढायचा नाही. अंघोळ नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. मालिशवाल्या मावशींना सुट्टी. पट्टा कुठे लावायचा तिथे डॉक्टरांनी पेनानं खूण केली आणि बजावलं, "ही खूण तुम्ही हलवायची नाही."

आता घरातल्या प्रश्नांबद्दल. कोणी विचारलं, ग्रहणात काही चिरलं होतं का? कोणी म्हणालं, मागच्या जन्माचं असेल. माझी बायको हे सगळं ऐकून गप्प बसायची आणि रात्री रडायची. कर्माच्या नावानं आपण किती सहज न्यायाधीश होतो! चौथ्या अध्यायात तर भगवंत स्वतः सांगतात, की कर्माचा मार्ग समजायला फार खोल आहे. ज्याचा तळ प्रत्यक्ष अर्जुनाला सहज दिसत नाही, तो आपल्याला दीड महिन्याच्या बाळाच्या खुब्यात दिसतो?

सगळ्यात जास्त मनाला लावून घेतलं आईनं. "मीच पाय सरळ करून दुपट्यात घट्ट गुंडाळत होते. माझ्यामुळे झालं का रे?" तिला सांगितलं, पायाळू असणं हेच मोठं कारण दिसतंय. पण हेही खरं, की पाय सरळ ताणून गुंडाळणं खुब्याला चांगलं नसतं. जपानमध्ये 1975 च्या सुमारास नवजात बाळांचे पाय असे सरळ बांधू नका म्हणून मोहीम झाली आणि खुबे निखळण्याचं प्रमाण खूप घटलं. मग तिला दुसरी गोष्ट सांगितली: तू आम्हाला कडेवर घेऊन फिरायचीस ना, तेव्हा पाय जसे दोन्हीकडे फाकतात, तीच खुब्याला मानवणारी ठेवण. ते ऐकून तिला जरा हायसं वाटलं.

आता ती रात्र. एप्रिल, लाईट गेलेली, इन्व्हर्टरवर पंखा कसाबसा फिरतोय. पट्ट्यांखाली घामोळं आलेलं. पोरगी तासभर रडत होती. बायको चार रात्रींची जागी, नुकती डोळा लागलेली. मी मांडीवर घेऊन हरिपाठ म्हटला, येरझाऱ्या घातल्या. शेवटी वाटलं, हे काय चाललंय? एवढ्याशा जिवाला बांधून ठेवायचं? आणि मी पट्टा उघडून खुणेच्या दोन बोटं अलीकडे चिकटवला. कोणाला न विचारता, थेट प्रॉडक्शनवर बदल. ऑफिसात ज्युनिअरनं असं केलं असतं तर मी त्याला सोडला नसता.

ती तरीही रडत राहिली. पंधरा मिनिटांनी ढेकर आली आणि झोपली. गॅस होता.

सकाळी बायकोनं खूण बघितली. ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, "तुला तिचं रडणं सहन होत नव्हतं, की तिला पट्टा सहन होत नव्हता?"

आता ते तीन श्लोक बघा. अर्जुन दयेनं भरून गेलाय. आणि पुढे तो वर्णन कशाचं करतो? माझे हातपाय गळाले, माझं तोंड कोरडं पडलं, मला कापरं भरलं, माझ्या हातातून धनुष्य सुटतंय, माझी त्वचा जळतेय. दया समोरच्यांची, पण सगळी लक्षणं स्वतःची! म्हणूनच दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला भगवंत त्याला दयाळू म्हणत नाहीत. ते त्याला मनाचा दुबळेपणा म्हणतात. आधी मला हे कठोर वाटायचं. आता वाटतं, अचूक निदान आहे ते. दुसऱ्याचं दुःख बघून मला जे होतं, ते थांबवण्यासाठी मी जे करतो, त्याला मी दया म्हणतो. त्या रात्री पट्टा मी माझ्यासाठी सैल केला.

याच्यासमोर भागवताच्या दहाव्या स्कंधातली यशोदा ठेवा. ती कृष्णाला उखळाला बांधायला जाते आणि दोरी दरवेळी दोन बोटं कमी पडते. ती घामाघूम होते. तिची दमछाक बघून मग कृष्णच बांधून घेतो. टीकाकार म्हणतात, एक बोट भक्ताच्या कष्टाचं, दुसरं भगवंताच्या कृपेचं. माझीही दोन बोटंच होती. ती दोरी पुरावी म्हणून राबली, मी दोन बोटं सोडून मोकळा झालो.

पण तुलना इथे थांबते, आणि खरा प्रश्न इथेच आहे. कृष्ण स्वतःच्या मर्जीनं बांधला गेला. माझ्या मुलीला कोणी विचारलं? आज रडायचं तिनं आणि ठरवायचं आम्ही, हा अधिकार आम्हाला कोणी दिला? खूप विचार केल्यावर मला एवढंच सुचतं: जो स्वतः हो-नाही म्हणू शकत नाही, त्याच्या वतीनं ठरवताना आपली सोय मध्ये येऊ द्यायची नाही. ना आपली झोप, ना आपली भीती, ना आपलं हळवेपण. ती वीस वर्षांची होऊन जिना चढताना मला जे म्हणाली असती, ते आज ऐकायचा प्रयत्न करायचा. अधिकार असलाच तर तो एवढाच.

याचा अर्थ काळीज दगडाचं करायचं असा नाही. तिचं रडणं ऐकायचंच. पट्टा जास्त आवळला तर मांडीच्या नसेवर दाब येऊ शकतो, म्हणून ती गुडघा झाडते का हे रोज बघायचं असतं. शंका आली तर डॉक्टरांना फोन करायचा. त्या रात्री खऱ्या दयेचं काम फोन उचलणं हे होतं. मी दुसऱ्या दिवशी जाऊन सगळं कबूल केलं. डॉक्टरांनी पट्टा नीट केला आणि घामोळ्याखाली मऊ सुती कापड घालायला शिकवलं. इतकं सोपं होतं.

अजून एक. हा हार्नेस पाय जखडत नाही. बाळ त्यात लाथा मारतं, आणि मारायलाच हव्यात. त्या हालचालीनंच गोळा वाटीत बसत जातो आणि वाटी घडत जाते. आपले नेम, एकादशी, रोजचा पाठ, हेही असेच पट्टे असावेत का? हालचाल बंद करणारे नाहीत, योग्य दिशेला होऊ देणारे.

पुढच्या आठवड्यात पुन्हा सोनोग्राफी आहे. बहुतेक बाळांचं यानं जमतं, सगळ्यांचं नाही. नाही जमलं तर भूल देऊन खुबा बसवणं आणि प्लास्टर. निकाल माझ्या हातात नाही. खूण आहे तिथे ठेवणं माझ्या हातात आहे.

घरात नवं बाळ असेल तर खुबे तपासून घ्या, विशेषतः पायाळू असेल तर. 2013 साली आपल्याच पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीच्या यादीतही हा दोष आहे.

आणि आज दिवसभरासाठी एक प्रश्न: कोणाला तरी आज मी "जाऊ दे" म्हणणार आहे. मुलाला, आईला, टीममधल्या कोणाला, स्वतःला. ती दया त्याची आहे, की माझी?

राम कृष्ण हरी.