कल्पित उत्तर आणि सत्यव्रत

आयईएलटीएस ही इंग्रजीच्या क्षमतेची परीक्षा १९८९ पासून या नावाने घेतली जाते. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे असे तिचे चार भाग असून प्रत्येक भागाला नऊपर्यंतचा बँड मिळतो. बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांत आटोपते. तिच्या मधल्या टप्प्यात उमेदवाराला एक कार्ड मिळते. तुम्हांला अडचणीत मदत करणाऱ्या एखाद्या व्यक्तीविषयी सांगा, ती कोण, मदत कशी केली, तुम्हांला काय वाटले, अशा धर्तीचा त्यावरचा मजकूर. विचाराला एक मिनिट, टिपणाला कागद-पेन्सिल, आणि मग दोन मिनिटांपर्यंत अखंड बोलायचे. लेखनाच्या भागातही २५० शब्दांच्या निबंधाखाली स्वतःच्या ज्ञानातली किंवा अनुभवातली उदाहरणे द्या, अशी स्पष्ट सूचना असते.

तयारी करून घेणारे क्लास यावर सर्रास एकच सल्ला देतात: खरे काही आठवत नसेल तर बनवून सांगा, कोणी तपासायला येत नाही. सल्ला व्यवहारी आहे. पण सत्यव्रत गांभीर्याने पाळणाऱ्या घरातला विद्यार्थी इथे अडखळतो. जैन श्रावकाला सत्य हे अणुव्रत आहे. १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेपासून महाराष्ट्रातल्या लक्षावधी घरांत पंचशील म्हटले जाते आणि त्यातले चौथे शील मुसावादापासून, म्हणजे खोटे बोलण्यापासून, दूर राहण्याचे आहे. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक घरातली मुले खोटी साक्ष देऊ नये ही आठवी आज्ञा लहानपणीच शिकतात. जो मामा कधी नव्हताच त्याने आपली फी भरली, असे परीक्षकाला सांगणे या व्रतांत बसते काय? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर शोधताना असत्य नेमके कुठे राहते हे ठरवावे लागते, आणि ते बहुतेकांना वाटते तिथे राहत नाही.

संत ऑगस्टीनने ३९५ च्या सुमारास असत्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मनात एक ठेवून बोलताना दुसरे बोलणे, आणि त्यामागे फसवण्याची इच्छा असणे, अशा अंगाने तो असत्याचा विचार करतो. थट्टेत बोललेले शब्द तो सुरुवातीलाच बाजूला काढतो, कारण बोलण्याच्या ढंगावरूनच ते खरे म्हणून सांगितलेले नाहीत हे कळते. पाली अट्ठकथांनी मुसावादाची चार अंगे मोजली आहेत: गोष्ट खोटी असणे, फसवण्याचे चित्त असणे, तसा प्रयत्न होणे आणि ऐकणाऱ्याला तो अर्थ पोचणे. चारही जुळल्याशिवाय शील मोडत नाही. योगसूत्रांवरचे व्यासभाष्य आणखी एक पाऊल पुढे जाते. वाणी असते ती आपल्याजवळचे ज्ञान दुसऱ्यापर्यंत पोचवण्यासाठी, म्हणून ती फसवी नसावी, चुकीची नसावी आणि ऐकणाऱ्याला काहीच बोध न होणारी, वांझोटीही नसावी, असे भाष्यकार सांगतात. ही तिसरी अट सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. परीक्षेच्या संदर्भात मात्र तीच सर्वांत उपयोगी पडते.

या कसोट्या कार्डावरच्या कहाणीला लावल्या की तिचा दोष विरघळतो. परीक्षकाला उमेदवाराच्या मामाविषयी काही जाणून घ्यायचे नसते. बोलण्याचा ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार या चारच गोष्टींना तो सारख्या वजनाने गुण देतो; पाचवा रकाना, हकिकत खरी की खोटी याचा, त्याच्याजवळ नाही. हे दोघांनाही ठाऊक असते. फसवण्याचे चित्त नाही आणि फसणाराही कोणी नाही. डॉक्टर-परिचारिकांसाठीच्या ओईटी परीक्षेत तर ही गोष्ट उघडच मांडलेली आहे: परीक्षा घेणारा रुग्णाची किंवा नातेवाइकाची भूमिका करतो आणि परिचारिका त्या नसलेल्या रुग्णाला नसलेल्या मधुमेहाची पथ्ये समजावून सांगते. तिला खोटारडी म्हणायचे कोणाच्या मनातही येत नाही.

उलट बाजूचे उदाहरण महाभारतात आहे. द्रोणपर्वात युधिष्ठिर अश्वत्थामा मेल्याचे सांगतो. त्या नावाचा हत्ती खरोखरच मेला होता, म्हणजे शब्द अक्षरशः खरा होता. तरीही जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. द्रोणाला जे जाणून घ्यायचे होते त्याविषयी त्याच्या मनात खोटे ज्ञान उभे करण्यासाठीच तो शब्द उच्चारला गेला होता. शब्द खरा आणि कृत्य असत्याचे, असे होऊ शकते; तसेच शब्द कल्पित आणि कृत्य निर्दोष, असेही होऊ शकते. निर्णय ठरतो तो समोरच्याला काय कळायला हवे होते यावरून.

म्हणूनच तोच मामा व्हिसाच्या खिडकीपाशी नेला की खोटा ठरतो. शिक्षणाचा खर्च कोण करणार, असे तिथला अधिकारी विचारतो तेव्हा त्याला वस्तुस्थिती हवी असते. त्या उत्तरावर तो निर्णय घेणार असतो. तेच वाक्य, तेच इंग्रजी, कदाचित त्याच आठवड्यात बोललेले. पहिल्या ठिकाणी तो भाषेचा नमुना होता, दुसऱ्या ठिकाणी ती साक्ष झाली. बनवून सांगा हा सल्ला क्लासच्या खोलीतून बाहेर पडून अर्जांत आणि मुलाखतींत शिरतो तेव्हा काय बिघडते, हे विद्यार्थ्याला कोणीतरी वेळेवर सांगायला हवे.

मग परीक्षेपुरते असत्य कुठेच नाही काय? आहे, आणि ते पाठ केलेल्या उत्तरात आहे.

हे मराठी वाचकाला चटकन पटणार नाही, कारण आपल्याकडे पाठांतराला मान आहे. वेद शतकानुशतके मुखोद्गत राहिले, घरोघरी हरिपाठ तोंडपाठ असतो, पाढे आणि परवचा म्हणत पिढ्या वाढल्या. पण अर्थाविना केलेल्या पाठांतराची किंमत याच परंपरेने कठोरपणे केली आहे. वेद पाठ करून अर्थ न जाणणारा माणूस नुसता भार वाहणारा खांब होय, असे वचन यास्काच्या निरुक्तात दिलेले आहे. शिवाय, हरिपाठ म्हणणारा वारकरी तो आपण रचला असा दावा करत नाही. ऐकणाऱ्यालाही ते ठाऊक असते. पाठांतर पाठांतर म्हणूनच समोर येते, म्हणून तिथे सत्याला धक्का लागत नाही.

परीक्षेतले पाठ केलेले उत्तर मात्र वेगळे रूप घेऊन येते. शहरांत खासगी मोटारींना बंदी असावी काय, असा विषय आला आहे आणि विद्यार्थ्याने प्रदूषणावरचा तयार निबंध घोकला आहे, अशी कल्पना करावी. पहिली तीन वाक्ये निर्दोष येतात, ठेवणीतल्या शब्दांनी भरलेली, कुठल्याही विषयाला चालतील अशी. चौथ्या वाक्यात मोटारीचा उल्लेख अपरिहार्य होतो. ते वाक्य त्याचे स्वतःचे, आणि त्यात कर्ता एकवचनी तर क्रियापद अनेकवचनी. पाचव्यापासून पुन्हा पाठाचा ओघ. अनुभवी परीक्षकाला हा सांधा दिसतोच. उत्तर पूर्णपणे पाठ केलेले असल्याचा पुरावा असेल तर शून्य बँड द्यावा, असे लेखनाच्या गुणदान-निकषांत म्हटलेले आहे. नियमाचा भाग सोडला तरी व्यासभाष्याची तिसरी अट इथे येऊन लागू होते. या वाक्यांतून परीक्षकाला जो बोध व्हायला हवा होता, म्हणजे या माणसाला स्वतःचा विचार इंग्रजीत मांडता येतो की नाही, तो होतच नाही. मजकुरातले प्रत्येक विधान खरे असू शकते. प्रदूषण वाढले आहे, हे खरेच आहे. खोटे आहे ते न उच्चारलेले विधान: हे वाक्य मी आत्ता घडवले.

गांधीजींच्या आत्मकथेतला केटलचा प्रसंग नेमका याच जागी बसतो. राजकोटच्या हायस्कुलात जाइल्स नावाच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी तपासणीसाठी येऊन पाच इंग्रजी शब्द लिहायला सांगितले, त्यांतल्या केटल या शब्दाचे स्पेलिंग मोहनदासने चुकवले. शिक्षकाने बुटाच्या टोकाने खुणावून शेजाऱ्याच्या पाटीवरचे पाहायला सुचवले, पण मुलाला ती खूण कळलीच नाही. शेजारच्या पाटीवरचे स्पेलिंग बरोबर होते. ते उतरवले असते तर पाटीवर खरे तेच लिहिले गेले असते. तरी ती फसवणूक झाली असती, कारण अधिकारी केटलचे स्पेलिंग जाणून घ्यायला आलेच नव्हते. ते मुलाला येते का, हे त्यांना पाहायचे होते.

यापुढचा प्रश्न असा की यात फसतो कोण. परीक्षक तर मानधन घेऊन घरी जातो. इथे न्यायदर्शनाची शब्दप्रमाणाची चर्चा कामी येते. ज्या गोष्टी आपण स्वतः पाहिलेल्या नसतात त्या आपण आप्ताच्या शब्दावरून जाणतो. आप्त कोण? ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे तो. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते, असे वात्स्यायनाने न्यायभाष्यात आवर्जून म्हटले आहे. त्या काळी हे लिहिणे मोठ्या मनाचे होते. आयईएलटीएसचे गुणपत्रक हा असाच आप्तशब्द आहे. मँचेस्टरच्या विद्यापीठाने कोल्हापूरच्या मुलीचे बोलणे ऐकलेले नसते. ते गुणपत्रकावर विश्वास टाकते. ब्रिटनच्या परिचर्या परिषदेने वाचन, श्रवण आणि संभाषणात ७ व लेखनात ६.५ बँडची अट घातली आहे ती याच विश्वासावर. पाठ केलेल्या उत्तराने आप्ताची पहिली अट मोडते. परीक्षकाने उमेदवाराची भाषा जाणलेलीच नसते, तरी पत्रक ती जाणल्यासारखे बोलते. उमेदवार स्वतः खोटे बोलत नाही, तो पत्रकाला खोटी साक्ष द्यायला लावतो. आठव्या आज्ञेत निषेध आहे तो शेजाऱ्याविषयी खोटी साक्ष देण्याचा, आणि वॉर्डात रात्रपाळीला औषधाची मात्रा फोनवरून ऐकून लिहून घेणाऱ्या परिचारिकेच्या हाताखालचा रुग्ण हा शेजारीच आहे.

विश्वास एकदा तुटला की त्याची किंमत कोण मोजतो हे ब्रिटनमधल्या टोइक या इंग्रजी परीक्षेच्या प्रकरणात दिसले. फेब्रुवारी २०१४ मध्ये बीबीसीच्या पॅनोरमा कार्यक्रमाने काही केंद्रांत तोतये उमेदवार बसवले जात असल्याचे आणि उत्तरे वाचून दाखवली जात असल्याचे चित्रण दाखवले. त्यानंतर २०११ ते २०१४ मधल्या ५८ हजारांहून अधिक चाचण्या तपासल्या गेल्या आणि त्यांतल्या जवळपास ९७ टक्के संशयास्पद ठरवल्या गेल्या. हजारो विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले. पण त्यांत स्वतःच्या बळावर परीक्षा दिलेलेही होते. अनेकांनी वर्षानुवर्षे दाद मागितली आणि त्यांतल्या काहींचे निर्दोषत्व न्यायाधिकरणांनी मान्य केले. फसवणाऱ्यांमुळे प्रामाणिकांचा शब्दही निकामी झाला होता. ही हानी सर्वांत मोठी, आणि तिची भरपाई होत नाही.

काही परीक्षांत, उदाहरणार्थ २००९ पासून चालणाऱ्या पीटीईत, बोलणे मायक्रोफोनसमोर करायचे असते आणि गुणदानाचा मोठा भार संगणकावर असतो. यंत्राला फसवले तर कोणाला फसवले, असा युक्तिवाद इथे केला जातो. मुसावादाचे चौथे अंग, ऐकणाऱ्याला अर्थ पोचणे, तिथे घडत नाही असे वरकरणी वाटते. पण ऐकणारा यंत्र नसतोच. गुणांचा आकडा वाचणारा प्रवेश-अधिकारी हा खरा श्रोता, आणि त्याच्यापर्यंत अर्थ पोचतो.

सीमेवरची प्रकरणे मात्र राहतात. माझ्या मते, उदाहरणार्थ, याउलट, अशा सांधणाऱ्या शब्दगटांचे पाठांतर हा दोष नव्हे. मातृभाषाही माणूस अशाच तयार तुकड्यांनी शिकतो. आपल्या शिक्षिकेवर दोन मिनिटे बोलण्याचा सराव केला आणि नेमके तेच कार्ड आले, तर तेही सुदैवच, लबाडी नव्हे. वाक्ये स्वतःची असतील तर ती दुसऱ्यांदा बोलल्याने परकी होत नाहीत. सरावाची एक साधी रीत इथे खूप सांगून जाते. तोच विषय आठवड्याने पुन्हा घ्यावा, पण व्यक्ती आणि प्रसंग बदलून. भाषा आली असेल तर बोलणे तरते. नुसता मजकूर आला असेल तर पहिल्याच वळणावर अडते. कार्डानंतर चार-पाच मिनिटे परीक्षक जे उलटसुलट प्रश्न विचारतो त्यांतही मुख्यतः हेच पाहिले जाते. दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने केलेला अभ्यासच दृढ होतो असे पतंजली सांगतो, ते इथे शब्दशः लागू पडते. महिनाभराच्या घोकंपट्टीत यांतली एकही अट पुरी होत नाही.

सत्याचे बंधन अर्थातच एकट्या उमेदवारावर नाही. आप्ताने जाणले तेवढेच सांगावे, अधिक नको. एकूण बँड चार भागांची सरासरी जवळच्या अर्ध्या बँडला नेऊन काढतात: सरासरी ६.२५ आली तर ६.५, आणि ६.१२५ आली तर ६. एका भागातल्या अर्ध्या बँडने, म्हणजे कधीकधी श्रवणातल्या दोन-तीन उत्तरांनी, प्रवेश मिळतो किंवा जातो. कोणतीही मोजणी चुकीची थोडी शक्यता बाळगूनच होते, आणि एका सकाळचे बोलणे हे एका सकाळचेच असते. पत्रक साधारणपणे दोन वर्षांपुरतेच ग्राह्य धरले जाते, ही त्या मर्यादेची अंशतः कबुली होय. पण ६ आणि ६.५ यांच्यामध्ये जणू भिंत आहे असे मानून अर्ज निकालात काढणारे विद्यापीठ पत्रकाने न सांगितलेले त्याच्या तोंडी घालते. व्रताची अट लावायचीच तर ती तिथेही लावावी लागेल: काठावरच्या उमेदवाराचे बोलणे त्या विद्यापीठाने स्वतः ऐकावे, त्याचे लेखन स्वतः वाचावे आणि मगच नकार द्यावा.