सर्वांचे म्हणजे कोणाचे?



एखादी वस्तू ‘सार्वजनिक’ आहे असे म्हटले की आपल्याकडे तिचे दोन अर्थ निघतात. पहिला असा, की यात माझाही वाटा आहे. दुसरा असा, की याची निगा राखणे माझ्याकडे नाही. गावविहीर, गायरान, नदीचा घाट, चावडीपुढचा नळ यांची गत या दोन अर्थांच्या कात्रीत सापडून होते. पाणी भरायला सर्व येतात, गाळ काढायला कोणी येत नाही. हा विषय अर्थशास्त्राचा म्हणून आपण परमार्थाची मंडळी बाजूला ठेवतो. पण घेण्याचा हक्क आणि राखण्याचे कर्तव्य यांची फारकत का व्हावी, हा मुळात धर्माचाच प्रश्न आहे. म्हणून तो वाचक माउलींपुढे ठेवतो.

शास्त्राच्या रीतीने आधी पूर्वपक्ष पाहू. ते येथे दोन आहेत. पहिला आपल्याच मंडळींचा. ते म्हणतात, सगळ्याचे मूळ लोभ. नामाने चित्त शुद्ध झाले की लोभ जाईल आणि लोभ गेला की विहिरी भरतील. मोजमाप, नियम, दंड ही संसाराची खटपट आपल्याला कशाला? दुसरा पक्ष विद्वानांचा. गॅरेट हार्डिन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८ साली एक लेख लिहिला, तो जगभर गाजला. त्यात कुरणाचा दृष्टांत आहे. कुरण सर्वांचे, गुरे ज्याची त्याची. कोणी एक गाय जास्त सोडली तर दूध त्या एकट्याला मिळते आणि चाऱ्याची तूट मात्र सर्वांत वाटली जाते. म्हणून जो तो एकेक गाय वाढवीत जातो आणि शेवटी कुरणच उजाड होते. यावर उपाय दोनच, असे मग अनेकांनी धरले: सरकारने ताबा घ्यावा, नाही तर तुकडे पाडून खाजगी मालकीला द्यावे.

दोन्ही पक्ष जमिनीखालच्या पाण्याच्या कसोटीला लावून पाहू. शेताला बांध असतो, खालच्या पाण्याला बांध नसतो. तरी इंग्रजी अमदानीतल्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने आपल्या हद्दीतले भूजल घेण्याचा हक्क जमीनमालकाचा मानला. आता समजा, एक माळकरी गृहस्थ आहे, निर्लोभी आहे. ऊस परवडत असूनही त्याने ज्वारी पेरली आणि पाणी जमिनीत राहू दिले. ते पाणी शेजाऱ्याच्या खोल बोअरवेलला लागले आणि शेजाऱ्याचा ऊस तरारला. माळकऱ्याचे पुण्य उणे झाले नाही, पण गावाची तहानही उणी झाली नाही. एकट्याच्या चित्तशुद्धीने सर्वांचे पाणी वाचत नाही. येथे पहिला पक्ष अडतो. दुसऱ्याचेही तेच. पाण्याचे तुकडे पाडता येत नाहीत, आणि प्रत्येक विहिरीवर शिपाई बसवायचा म्हटले तर सरकारला तेवढे शिपाई कोठून मिळणार?

उत्तरपक्ष असा, की सर्वांची वस्तू सर्वांनी मिळून, आपणच केलेल्या नेमाने राखता येते. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषीने देशोदेशीची उदाहरणे तपासून हे दाखविले आणि २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. हार्डिन यांच्या कुरणाला त्यांनी खऱ्या कुरणाचे उत्तर दिले. स्वित्झर्लंडमध्ये टोर्बेल नावाचे डोंगरी गाव आहे. तेथे १५१७ पासून नियम आहे की ज्याने त्याने हिवाळ्यात आपल्या घरच्या चाऱ्यावर जगवता येतील तेवढ्याच गाई सामाईक कुरणावर सोडाव्यात. गावाने आपले माप आपणच ठरविले, आणि कुरण टिकले.

आपल्याकडेही हे होते. ‘फड’ म्हटले की आपल्याला महाराजांचा फड आठवतो. पण धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर बंधारे घालून जी जुनी पाटपाण्याची रीत चालत आली, तिलाही फडच म्हणतात. बंधाऱ्याखालच्या शिवाराचे काही भाग पाडायचे, तो एकेक फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक. शेतकऱ्याची जमीन एका जागी नसून वेगवेगळ्या फडांत थोडी थोडी असे. पाणी कमी पडले की पंच एखादा फडच कोरडा ठेवीत, त्यामुळे तूटही सर्वांच्या वाट्याला येई. पाणी देण्याला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि त्यांची मजुरी शेतकऱ्यांकडून. ही रीत काही शतके चालली. पुढे नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी आणि पंप वाढले, आणि ती बरीचशी मोडली. माणसे एकाएकी लोभी झाली असे नाही. ज्याच्या त्याच्या हाती पंपाची कळ आली आणि पंचांना विचारण्याची गरज उरली नाही.

माउलींची पालखी दिवेघाट चढून सासवडला येते, तो पुरंदर तालुका. १९७२ च्या दुष्काळात विलासराव साळुंखे हे पुण्याचे अभियंते-उद्योजक या भागात फिरले आणि पुढे नायगावला देवस्थानची जमीन कराराने घेऊन त्यांनी तेथे पाणलोटाचे काम केले. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नेम ऐकावेत. पाणी जमिनीच्या मापाने नाही, घरातल्या माणसांच्या संख्येने. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, आणि कुटुंबाला अडीच एकरांची मर्यादा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. ऊस लावायचा नाही. ज्याला जमीनच नाही त्या भूमिहीनालाही पाण्यात वाटा. खर्चाचा काही भाग सभासदांनी स्वतः उचलायचा. यात दया आहे आणि हिशेबही आहे, आणि दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत.

येथे शंका येईल, की नियम आला, हिशेब आला, मग वैराग्य कोठे राहिले? समाधान तुकोबारायांच्या चरित्रात आहे. सावकारीची खते त्यांनी इंद्रायणीत सोडली हे आपण कीर्तनात आवडीने सांगतो. पण आधी त्यांनी धाकट्या भावाच्या, कान्होबांच्या वाट्याची खते वेगळी काढून त्यांना दिली आणि नंतर आपल्या वाट्याची बुडविली, हे सांगायला विसरतो. सोडायचे ते आपले. दुसऱ्याचा वाटा किती हे ज्याला ठाऊक नाही, त्याला आपले काय सोडावे हेही कळणार नाही. मोजमाप वैराग्याच्या आधी लागते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातही यज्ञचक्र सांगताना भगवंतांनी, मिळालेले परत न देता जो नुसते भोगतो, त्याला चोर म्हटले आहे. त्या चोराने कोणाचे कुलूप फोडलेले नाही. त्याने घेतले आणि परत भरले नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

आणखी एक शंका मोठी आहे, ती टाळता येणार नाही. आपल्या जुन्या रीतींत ‘सर्व’ खरोखर सर्व होते काय? महाडचे चवदार तळे सार्वजनिक होते. नगरपालिकेने ते खुले केल्याचा ठरावही झाला होता. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारोंना बरोबर घेऊन तेथे ओंजळभर पाणी प्यावे लागले, आणि त्या ओंजळीपायी लोकांनी मार खाल्ला. गावाने राखलेले पाणी गावातल्याच माणसांना नाकारले जात असेल तर ती नीट राखलेली चोरीच होय. चोखोबांना देवळाबाहेर ठेवणाऱ्या पंढरीत वाढलेल्या संप्रदायाने तरी हे विसरू नये. नेम करताना प्रथम मोजायची ती माणसे, पाणी त्यानंतर.

असे नेम आपल्याला परके नाहीत. पालखी सोहळ्यात मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतात आणि सारे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीत राहते. मग तिचे म्हणणे ऐकले जाते आणि तेथल्या तेथे निवाडा होतो. लाखोंचा समाज वाटेवर चालतो तो भक्तीच्या जोरावर खरा, पण दिंड्यांचे क्रम ठरलेले आहेत आणि तक्रारीला जागा आहे, म्हणून ती भक्ती चालती राहते. गावच्या हरिनाम सप्ताहात सात दिवस, सात रात्री वीणा खाली ठेवायची नाही असा नेम असतो. पहाऱ्याच्या पाळ्या लागतात, पहाटे तीनची पाळीही कोणीतरी घेतोच. ज्या गावाला हे साधते, त्याच गावात पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह कोणी बंद करायचा यावरून भांडण होते. पन्नास वर्षे गावोगावच्या पारांवर उभे राहून हे मी पाहिले आहे: मांडवात सप्ताह चालू आणि मांडवाबाहेर टँकर उभा.

म्हणून एक विनंती आहे. यंदा सप्ताहाची सांगता होईल तेव्हा काल्याच्या कीर्तनानंतर मंडळींनी घटकाभर बसावे. वर्गणीचा हिशेब वाचतो तसा गावच्या पाण्याचाही वाचावा: विहिरींत किती हात पाणी आहे, माणसे किती, गुरे किती, उन्हाळ्यापर्यंत काय पुरेल, काय पेरायचे नाही. चावी फिरवण्याच्या पाळ्या वीण्याच्या पहाऱ्यासारख्या लावाव्यात आणि त्या यादीत गावाच्या कडेची वस्तीही असावी. काला वाटण्याआधी सर्वांच्या शिदोऱ्या एकत्र कराव्या लागतात, ज्याची भाकरी शिळी असेल त्याचीही. प्रसादाला जसे सर्व धावतात, तसे शिदोरी सोडायलाही धावावे, एवढेच मागणे.