भारांकाचा तक्ता आणि धडगावचा अंगठा

'सर्व्हर डाऊन आहे, दुपारनंतर या.' रेशन दुकानात हे ऐकून माणसं मुकाट घरी जातात, याची मला चीड येते. पाऊस यावा तसा सर्व्हर 'पडतो', अशी सगळ्यांची समजूत. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडे मुळात रेंजच नसते, ते रडगाणं जुनंच आहे. पण रेंज असूनही यंत्र गुदमरतं तेव्हा पुष्कळदा कुणाचा तरी हिशेब चुकलेला असतो.

हा हिशेब क्षमता-नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये होतो. तिथे भारांकांचा तक्ता असतो. समजा, ओटीपी पडताळणं हे १ एकक काम, तर बोटाचा ठसा जुळवणं त्याच्या कैक पट. गर्दीच्या तासाला कुठलं काम किती येईल याला भारांकाने गुणायचं, बेरीज करायची आणि तेवढं यंत्र घ्यायचं. कामांचं असं प्रमाण आधीच धरून सर्व्हर जोखण्याची टीपीसी-सी ही प्रसिद्ध चाचणी १९९२ची. तिच्यात एका काल्पनिक घाऊक पुरवठादाराकडे नव्या ऑर्डरी सुमारे ४५ टक्के, पैसे भरणं ४३ आणि उरलेली तीन कामं ४-४ टक्के धरतात. असा पुरवठादार धुळ्याच्या बाजारात मिळायचा नाही, तरी वर्षानुवर्षं यंत्रं त्याच्याच मापाने विकली गेली.

माझं म्हणणं असं, की यंत्रावर पडणारा भार वेगळा आणि माणसावर पडणारा वेगळा. मुंबईत ओटीपी अडला तर माणूस पाच मिनिटांनी पुन्हा बटण दाबतो. सातपुड्यातल्या पाड्यावरून डोंगर उतरून आलेल्या बाईचा अंगठा अडला तर दिवसाची मजुरी बुडते. मग तिच्या अंगठ्याला तक्त्यात जास्त भारांक का नको?

पुण्यात क्षमता-नियोजनाचंच काम करणारा माझा भाचा हसला. "मामा, तक्त्याला हात लावायचा तो मोजून. दया आली म्हणून नाही."

मला ते उर्मट वाटलं. मोजणाऱ्यांचा हा तोरा नंदुरबारला नवा नाही. हा अंगठा ज्या आधारशी जुळवला जातो, त्याचा देशातला पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिला गेला. पुढे २०१८ मध्ये हाच जिल्हा 'आकांक्षित' ठरला आणि त्याची प्रगती मोजायला नीती आयोगाचा तक्ता आला: आरोग्य-पोषण ३०, शिक्षण ३०, शेती-पाणी २०, आर्थिक समावेशन व कौशल्य १०, पायाभूत सुविधा १०. ज्या पाड्यावर रुग्ण झोळीत घालून आणावा लागतो, तिथला माणूस रस्त्याला या १०मधलाच वाटा देईल का? आरोग्याच्या ३०चा निम्मा भाग रस्त्यातच अडकलाय, असं तो म्हणेल.

पण हे लिहितानाच माझी पंचाईत झाली. नीती आयोगाचे आकडे म्हणजे मत आहे. त्यावर भांडता येतं, भांडावंही. ठशाचा भारांक हे मत नव्हे. मी दयेपोटी तो दुप्पट केला तर सॉफ्टवेअर एवढंच सांगेल, की मोठं यंत्र घ्या. रांगेत ती बाई होती तिथेच राहील. पुढच्या महिन्यात अंदाज आणि प्रत्यक्ष वापर जुळेनात, की कुणीतरी माझी दया 'दुरुस्त' करून टाकेल. आधी कुणाला, हे ठरवायचं तर ते प्राधान्याच्या नियमात, उघडपणे, सही करून ठरवावं. तक्त्यात लपवू नये. इथपर्यंत भाचा बरोबर.

चुकतो तो पुढे. मोजायचं म्हणजे कुठे मोजायचं? ऊसतोडीने झिजलेलं बोट यंत्र पहिल्या खेपेला ओळखेलच असं नाही. मग दुसरं बोट, मग पुन्हा अंगठा. दुकानदाराच्या लेखी व्यवहार एक, सर्व्हरच्या लेखी विनंत्या तीन-चार. कार्यालयातल्या मऊ बोटांवर काढलेला भारांक इथे कमी पडणारच, आणि तो वाढवायला दया लागत नाही.

तेव्हा तक्ते बनवणाऱ्यांना एकच सांगणं आहे: फसलेले अंगठेही मोजा, तालुकावार मोजा, आणि धान्यवाटपाच्या ऐन गर्दीत मोजा.