मागून येणाऱ्याचे ऋण

आपल्या तत्त्वज्ञांनी दोरीचा विचार पुष्कळ केला आहे. पण तो बहुधा दोरी म्हणून नव्हे. वेदान्त्यांना ती अंधारात सापासारखी दिसली आणि जगाच्या मिथ्यात्वाला एक दृष्टांत मिळाला. सांख्यांनी सत्त्व, रज आणि तम यांना ‘गुण’ म्हटले. गुण या शब्दाचा एक अर्थ दोर असाच आहे. गीतेच्या चौदाव्या अध्यायात तर हे तिन्ही गुण देहधाऱ्याला बांधतात, सत्त्वसुद्धा सुखाच्या आणि ज्ञानाच्या आसक्तीने बांधते, असे प्रतिपादन आहे. एकंदरीत बांधले जाणे वाईट आणि सुटणे चांगले, हा संस्कार आपल्या मनावर पक्का बसला आहे. परंतु ज्याला दहा-पंधरा टन माल ट्रकवर लादून शेकडो मैल न्यावयाचा असतो, त्याला हा सिद्धांत सांगून पाहा. सुटणे म्हणजे काय, हे त्याला आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते.

हा विचार मनात येण्याचे निमित्त वडोदऱ्यात घडले. माझी बहीण तेथे दांडिया बाजारात राहते. भाचा मालवाहतुकीच्या व्यवसायात आहे. वडोदरे म्हटले की आपल्याला सयाजीराव महाराज, राजवाडा आणि ग्रंथालये आठवतात. पण १९६५ साली कोयलीची तेलशुद्धीकरण शाळा सुरू झाल्यापासून हे कारखान्यांचेही शहर झाले आहे. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतून लोखंडी सांगाडे, यंत्रांचे भाग, मोठमोठे ट्रान्सफॉर्मर बाहेर पडतात. “मामा, एकदा माल कसा बांधतात ते बघायला चला,” असे भाचा म्हणाला, आणि मे महिन्याच्या सुटीतील एक सकाळ मी त्या धुळीत घालवली.

तेथे मी प्रथमच रॅचेटचा पट्टा जवळून पाहिला. हात पुरेल एवढा रुंद, पॉलिएस्टरचा विणलेला पट्टा. दोन्ही टोकांना लोखंडी हुक. मध्ये एक दातेरी चाक आणि त्यात अडकणारी छोटी खिटी. मूठ मागेपुढे केली की ‘कट् कट्’ आवाज होत पट्टा आवळत जातो. खिटीमुळे चाक एकाच दिशेने फिरते, म्हणून आवळलेले पुन्हा ढिले पडत नाही. दोर बांधताना गाठ मारेपर्यंत ताण थोडा तरी निसटतोच. येथे प्रत्येक दात मिळवलेला ताण राखून ठेवतो. सोडायचे झाल्यास मात्र मूठ पूर्ण उघडून खिटी मुद्दाम ओढावी लागते. पट्ट्याला गाठ मारायची नाही, कारण गाठीपाशी त्याचे बळ घटते. लोखंडाच्या धारदार कडेवरून तो तसाच न्यायचा नाही, कोपऱ्याला आधार द्यायचा. आणि चिरलेला पट्टा कितीही नवा दिसला तरी वापरायचा नाही. हे नियम भाच्याने मला पाढ्यासारखे म्हणून दाखवले.

एका ट्रेलरवर लोखंडाचा प्रचंड ठोकळा होता. त्याला चारी बाजूंनी पट्टे आणि साखळ्या लावलेल्या पाहून मी विचारले, “एवढे जड धूड कुठे हलणार आहे?” भाचा हसला. मीही लगेच हसलो, कारण नववीच्या वर्गात न्यूटनचा पहिला नियम शिकवला जातो त्या शाळेचा मी मुख्याध्यापक आहे. ट्रक थांबतो तेव्हा मालाला थांबण्याचे कारण नसते. तो आपल्या गतीने पुढेच निघालेला असतो. वजन वाढले की तळाशी घर्षण वाढते हे खरे; पण त्याला रोखायला लागणारे बळही त्याच प्रमाणात वाढते. म्हणून त्याच फळीवर हलके खोके ज्या धक्क्याला घसरेल, त्याच धक्क्याला तशाच बुडाचा जड ठोकळाही घसरतो. युरोपातील मानकाप्रमाणे माल पुढे सरकू नये म्हणून त्याच्या वजनाच्या आठ-दशांश आणि बाजूला किंवा मागे सरकू नये म्हणून निम्म्या इतके बळ पेलेल, असा बंदोबस्त करावा लागतो. दहा टनांच्या मालाला पुढच्या दिशेने आठ टनांचा भार झेलणारी व्यवस्था हवी. घर्षण काय सांभाळेल ते सांभाळेल. उरलेले पट्ट्याने सांभाळायचे.

‘जड आहे, हलणार नाही’ हा भ्रम केवळ लोखंडाच्या बाबतीत असतो असे नाही. समाजात वजन असलेल्या माणसाला नियमांची गरज नाही, तो आपल्याच वजनाने जागेवर राहील, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात धक्का बसला की तोही इतरांइतकाच घसरतो. मात्र त्याच्या घसरण्याने चिरडले जाणारे अधिक असतात.

त्या सकाळची सर्वांत मोलाची गोष्ट मला एका ड्रायव्हरने सांगितली. तो राजस्थानचा, पन्नाशीच्या पुढचा. मी त्याला विचारले की बांधण्याची जबाबदारी नेमकी कोणाची? त्याच्या हिंदीचा आशय असा : “मास्टरजी, माल चढवणारे हमाल कारखान्याचे, पट्टे मालकाचे, आणि रस्त्यावर पकडला जाणारा मी. माल पुढे सरकला तर माझ्या केबिनवर येतो, म्हणून पुढच्या बाजूचं बांधायला कुणी सांगावं लागत नाही. पण मागे काही पडलं तर माझं काय बिघडतं? मला कळतसुद्धा नाही. पुढच्या चहाच्या टपरीवर गेल्यावर एखादा नग कमी दिसतो, एवढंच.”

एम. ए. ला असताना कांटचा १७८५ सालचा नीतिविषयक ग्रंथ आम्हाला होता. त्यात एका दुकानदाराचे उदाहरण येते. तो अननुभवी गिऱ्हाइकालाही फसवत नाही; पण ते सचोटीपोटी की धंदा टिकावा म्हणून, हे बाहेरून सांगता येत नाही. कर्तव्याला अनुसरून वागणे वेगळे आणि कर्तव्य म्हणून वागणे वेगळे, असा कांटचा भेद आहे. परीक्षेपुरता तो मी पाठ केला होता. त्याचा अर्थ मकरपुऱ्यात उलगडला. ट्रकची पुढची बाजू स्वार्थ बांधतो. मागची बाजू केवळ कर्तव्यबुद्धीच बांधू शकते. तेथे भीती नाही, लाभ नाही, साक्षीदारही नाही. आहे तो फक्त मागून येणारा कोणी मोटारसायकलस्वार, ज्याचे तोंड आपण कधीही पाहणार नाही.

आपल्या परंपरेने देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण सांगितले. शतपथ ब्राह्मणात मनुष्यऋण हे चौथे येते आणि अतिथीला आश्रय व अन्न देऊन ते फेडावे असे म्हटले आहे. पण अतिथी दारात उभा राहतो, त्याला चेहरा असतो, तो जाताना समाधानाने हात तरी जोडतो. मागून येणाऱ्याचे ऋण याहून निराळे आहे. ते फिटले तर कोणालाच कळत नाही. एका माणसाचा प्रवास काहीही न घडता पार पडतो, इतकाच त्याचा पुरावा. जे घडले नाही त्याचे श्रेय कोणी कोणाला देत नसते. म्हणूनच असे ऋण फेडणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

मात्र सगळा भार त्या ड्रायव्हरच्या सद्सद्विवेकावर टाकून आपण मोकळे होणे न्यायाचे नाही. पट्ट्याला दोन हुक असतात. एकच अडकवला तर तो पट्टा नव्हे, नुसती लोंबणारी चिंधी. याच वडोदऱ्यात त्याचे एक दुःखद उदाहरण घडून गेले आहे. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेस गेले ते परतल्यावर दहा वर्षे नोकरी करण्याच्या करारावर. करारानुसार १९१७ साली ते हजर झाले. संस्थानाने नोकरी दिली. पण शहराने राहायला खोली दिली नाही. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना हाकलण्यात आले आणि कामाटी बागेत एका झाडाखाली त्यांनी काही तास काढले. आज त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात. करार दोघांनी केला होता. दुसरा हुक अडकवायचा समाज मात्र विसरला. ज्याच्याकडून आपण कर्तव्याची अपेक्षा करतो, त्याच्याशी आपणही बांधले गेलो आहोत काय, हा प्रश्न म्हणून टाळता येत नाही. झोप पुरी झालेला ड्रायव्हर, न चिरलेले पट्टे आणि बांधायला लागणारा अर्धा तास देणे हे मालकाचे आणि कारखान्याचे टोक आहे.

कायद्याने हे ओळखले आहे. गाडीबाहेर आलेल्या सळया नेण्याची मुभा २०१४ साली काढून घेण्यात आली. २०१९ च्या दुरुस्तीने मर्यादेबाहेर आलेल्या मालासाठी वीस हजार रुपये दंड ठरला. आणि तो गाडी चालवणाऱ्याइतकाच चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही लागू आहे. ‘चालवू देणारा’ हा शब्द मला फार अर्थपूर्ण वाटतो. त्यात आपण बरेच जण येतो.

हे सर्व दूरच्या वडोदऱ्याचे, असेही कोणी समजू नये. तेथून जाणारा ४८ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग मुंबई, पुणे, कोल्हापूर करीत आठशेहून अधिक किलोमीटरांवर आमच्या निपाणीवरून जातो आणि तवंदीच्या घाटातून पुढे सरकतो. मकरपुऱ्यात सकाळी आवळलेला पट्टा आमच्या मुलांच्या शाळेच्या वाटेवर कसोटीला लागतो. माल हादऱ्यांनी बसतो, पट्टा सैलावतो. म्हणून काही मैलांवर उतरून पुन्हा आवळावा लागतो. एकदा केलेला निश्चय आयुष्यभर पुरत नाही, हे आम्हा शिक्षकांना वेगळे सांगायला नको. आणि वाजवीपेक्षा जास्त आवळले तर खोकीच चेपतात, हेही.

दिवाळी सरता सरता आमच्याकडे गळीत हंगाम सुरू होईल. दिवे नसलेल्या ट्रॉल्या, कडेने लोंबणारे ऊस आणि रस्त्यावर पडलेल्या मोळ्या आपण सगळेच पाहतो, वळसा घालून पुढे जातो. ऊस आपला, कारखाना आपला, ट्रॅक्टरही शेजाऱ्याचाच असतो. तेव्हा एक दोर अधिक टाकायला सांगण्याचा अधिकार आपल्याला खचित आहे.

बंध आणि मोक्ष यांचे वैर मला आता पूर्वीइतके खरे वाटत नाही. माल बांधतात तो मुक्कामाला पोचल्यावर सोडण्यासाठीच. वाटेत सुटला तर त्याला कोणी मुक्ती म्हणत नाही, अपघात म्हणतात. आधी नीट पोचावे, मागच्यालाही पोचू द्यावे. मग खिटी ओढावी.