फूल खोटं बोलतं का?

इंग्लंडमध्ये एप्रिल-मे महिन्यांत जंगलात आणि कुरणांवर जांभळ्या फुलांचं एक ऑर्किड फुलतं. ऑर्किस मॅस्क्युला हे त्याचं शास्त्रीय नाव. फुलाची खालची पाकळी म्हणजे कीटकाला उतरायला ओटाच. तिच्या मागे एक पोकळ नळी असते, आणि नळीच्या तोंडावर परागांचे दोन पुंजके बसवलेले असतात. प्रत्येकाला बारीक देठ, देठाच्या टोकाला चिकट चकती. बंबलबीसारखी माशी मकरंदाच्या आशेनं आत डोकं घालते आणि चकत्या तिच्या डोक्याला चिकटतात. डोक्यावर दोन शिंगं घेऊन ती बाहेर पडते.

आधी ही शिंगं ताठ उभी असतात. माशी तशीच लगेच शेजारच्या फुलात शिरली, तर पराग योग्य जागी पोचणार नाहीत. पण साधारण अर्ध्या मिनिटात देठ पुढे वाकतात, आणि मग पुंजके नेमके पुढच्या फुलाच्या परागग्राही भागावर आदळतात. तोवर माशी बहुधा दुसऱ्या झाडावर पोचलेली असते. टोकदार पेन्सिल फुलात घालून डार्विननं हे सगळं घडवून पाहिलं होतं.

इतकी नेमकी यंत्रणा, पण त्या नळीत मकरंदाचा थेंबही नसतो. काही ऑर्किडं कीटकांना चक्क फसवतात, असं जर्मनीच्या स्प्रेंगेलनं १७९३ मध्येच लिहिलं होतं. डार्विनला ते पटलं नाही. एवढी मोठी लबाडी चालते, तर कीटक फारच मूर्ख म्हणायचे, अशी त्याची शंका होती. नळीच्या आतल्या पापुद्र्याखालचा रस ते शोषत असतील, असा तर्क त्यानं १८६२ च्या आपल्या पुस्तकात मांडला. पुढे स्प्रेंगेलच बरोबर ठरला.

मग या फुलाला लबाड म्हणायचं का? माशीचं नुकसान खरं आहे. तिचा वेळ आणि शक्ती वाया जाते. पण खोटं बोलण्यासाठी खरं काय ते ठाऊक असावं लागतं आणि ते सांगायचं की नाही हे ठरवता यावं लागतं. फुलाकडे यातलं काहीच नाही. म्हणून ते निर्दोष.

हा प्रश्न मला पुस्तकी वाटत नाही, त्याला कारण आहे. मागच्या वर्षी इथे नव्यानं आलेल्या एका विद्यार्थिनीनं फोनवर छान मराठी बोलणाऱ्या माणसाला खोलीचं डिपॉझिट पाठवलं. खोली अस्तित्वातच नव्हती. त्यावर ओळखीतला एकजण म्हणाला, "निसर्गाचाच नियम आहे हा. शिकेल ती आता."

निसर्गातलं उदाहरण मी त्यांच्यापुढे ठेवलं असतं, तर ते बहुधा खूशच झाले असते. रिकाम्या नळीची फुलं मुख्यतः नवख्या माशांवरच जगतात. अनुभवी माश्या लवकरच त्यांना टाळू लागतात. पण त्याच उदाहरणात दुसरीही गोष्ट आहे. ही फसवणूक चालते ती आसपासची बाकीची फुलं खरोखर मकरंद देतात म्हणून. सगळीच फुलं रिकामी असती, तर माशी फुलाकडे फिरकलीच नसती. फसवणारा दुसऱ्यांनी साठवलेल्या विश्वासावर जगतो. त्या मुलीनं पैसे पाठवले, ते आधी भेटलेल्या कितीतरी मराठी माणसांनी तिला विमानतळावरून आणलं, जेवू घातलं, पांघरूण दिलं म्हणून.

शिवाय, ज्या कारणासाठी आपण फुलाला निर्दोष सोडतो, त्याच कारणासाठी त्या माणसाला सोडता येत नाही. त्याला ठाऊक होतं आणि त्याला ठरवता येत होतं. निसर्गाचा दाखला देऊन आपण त्याला फुलाच्या रांगेत बसवतो, आणि ते फुलावरही अन्याय करणारं आहे.

आणि "शिकेल ती" म्हणताना ती नेमकं काय शिकेल, याचाही विचार करावा. पुढच्या वेळी कोणी मराठीत "ये, राहा आमच्याकडे" म्हटलं, तर ती थबकेल. ते म्हणणारं माणूस बहुधा खरं बोलत असेल.